शेततळ्यातलं पाणी हिरवं का हवं?



गेल्या वर्षी आपल्या एका गटाने कर्ज काढून शेततळ्यात कटला-रोहूची पिल्लं सोडली. पाणी अगदी नितळ. बघून मलाही बरं वाटलं, आणि तिथंच मी चुकले. पिल्लं उपाशी राहिली, निम्म्याहून जास्त गेली. हप्ता मात्र चालूच राहिला.

माशाचं बारीक पिल्लू सुरुवातीला पाण्यातले बारीक जीव खातं. त्यातला रोटिफर भिंगाशिवाय नीट दिसत नाही, मोइना राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. हे जीव जगतात पाण्याला हिरवा रंग देणाऱ्या बारीक शेवाळावर. (दगडावरचं लोंबतं शेवाळ नव्हे!) आणि या शेवाळाला पिकासारखंच ऊन आणि खत लागतं. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात मातीतून काहीच मिळत नाही. म्हणून पिल्लं सोडायच्या पंधरा दिवस आधी गुंठ्याला २० ते ३० किलो ताजं शेण पाण्यात कालवून चहूकडे टाकायचं. शेणावर जिवाणू वाढतात, मोइना तेही खाते.

पोट भरलेलं असलं की मोइनाची मादी नराशिवायच पिल्लं देते! बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणाला हसू आवरेना. आठ-दहा दिवसांत पिल्लांनाही पिल्लं होतात. खाणं संपलं, दाटी झाली, की मग नर जन्मतात.

म्हणून भाराभर शेण टाकू नका. पाणी फार गडद झालं की ऊन वरच्या वितभर थरातच अडतं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तेच तो ओढून घेतं. शेण कुजायलाही प्राणवायू लागतो. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. आभाळ भरून आलं असेल तेव्हा तर शेण नकोच.

कोपरापर्यंत हात बुडवून बघा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. स्वच्छ दिसला तर थोडं शेण द्या, वितभरावरच दिसेनासा झाला तर थांबा. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र ही खूण धरू नका.

शिवाय पहाटे काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरा. टुणटुण उड्या मारणारे पांढरे ठिपके म्हणजे मोइना. भर उन्हात ती खाली जाते, दुपारी बघून "काहीच नाही" म्हणू नका.

पुढच्या बैठकीला तळ्याचं बाटलीभर पाणी घेऊन या. भिंग मी आणते.