थोरली पाती, धाकटी पाती

रायन कूगलरचा २०२५ साली आलेला ‘सिनर्स’ हा रक्तपिपासूंचा चित्रपट म्हणून आपल्याकडच्या अनेकांनी सोडून दिला असेल. ब्लूज ऐकणाऱ्याने मात्र तो पाहावा, आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नये. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावी १९३२ साली गिटार घेऊन घराबाहेर पडलेला सॅमी हा पोरगा माइल्स केटन या कोवळ्या वयाच्या गायकाने रंगवला आहे. तोच सॅमी साठ वर्षांनी शिकागोच्या क्लबात भेटतो तेव्हा तो असतो बडी गाय. केटनला म्हातारा करायला रंगभूषाकार पुरे झाला असता. पण ब्लूजमधले म्हातारपण सुरकुत्यांत नसते, स्वर लावण्यापूर्वी माणूस किती वेळ घेतो त्यात असते, आणि ते कूगलरला खरेच हवे होते.

बडी गाय ही निवड चपखल आहे, कारण हा माणूस जन्मभर कुणाचा तरी धाकटा नाहीतर कुणाचा तरी थोरला होऊन वाजवत आला. १९३६ साली लुइझियानातल्या लेट्सवर्थ इथे जन्म, १९५७ मध्ये शिकागो. तिथे उपाशीपोटी वाजवत असताना शिकागो ब्लूजमधला थोरला मडी वॉटर्स याने आपल्याला सँडविच खाऊ घातले, हे तो अजून सांगतो. त्याची दुसरी आवडती हकीकत चेस या रेकॉर्ड कंपनीतली. साठीच्या दशकात लोकसंगीताची लाट होती, आणि चेसला मडीची विजेविना वाजणाऱ्या गिटारची रेकॉर्ड हवी होती. साथीला मिसिसिपीतला कुणी जुना माणूस शोध, असे लेनर्ड चेसने सांगितले आणि मडी घेऊन आला सत्तावीस वर्षांच्या बडीला. ती रेकॉर्ड म्हणजे १९६४ची ‘फोक सिंगर’. क्लबात लांबच लांब वायर ओढत, गिटार वाजवत रस्त्यापर्यंत जाणारा हा दांडगा वादक इथे शोधावा लागतो. मडीची ओळ संपली की तो दोन-चार स्वर ठेवतो आणि गप्प बसतो. विली डिक्सनचा बासही तसाच, अंग चोरून. दोन पिढ्यांची भागीदारी म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने या रेकॉर्डपासून सुरुवात करावी असे मी म्हणेन.

आपल्याला अशा ठिकाणी घराणे आठवते. पण ब्लूजमध्ये गंडा बांधत नाहीत. तिथले शिक्षण शनिवारी रात्रीच्या जूक जॉइंटमध्ये, म्हणजे दारू, नाच आणि मारामारी असे सगळे असलेल्या खोपटात, थोरल्याच्या बोटांकडे टक लावून व्हायचे. थोरला शिकवेलच असे नाही. कधी हाकलूनही देई. रॉबर्ट जॉन्सन पोरसवदा असताना मध्यंतरात थोरल्यांची गिटार उचलून खडखडाट करी आणि लोक वैतागत, असे त्या थोरल्यांपैकी सन हाउस सांगत असे. तोच जॉन्सन पुढे १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात २९ गाणी ध्वनिमुद्रित करून १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी मेला. हाकलणारा सन हाउस त्याच्यामागे पन्नास वर्षे जगला.

या सन हाउसची पुढची गोष्ट तर विलक्षण आहे. १९६४ मध्ये तीन गोरे तरुण चाहते त्याला शोधत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला पोचले. वाजवणे कधीचेच सोडून तो तिथे राहत होता. स्वतःची जुनी गाणी त्याला आठवेनात. मग ॲलन विल्सन नावाच्या, चष्मा लावणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराने त्याच्यासमोर बसून त्याच्याच १९३० सालच्या रेकॉर्डींमधले वादन त्याला वाजवून दाखवले. शिष्याने गुरूला गुरूचीच विद्या परत दिली. दुसऱ्या वर्षी कोलंबिया कंपनीने सन हाउसची नवी रेकॉर्ड काढली, आणि तिच्यात विल्सनची साथ आहे ती एकदोन गाण्यांपुरती.

त्या काळात असे शोध बरेच लागले. मिसिसिपी जॉन हर्टला त्याच्या एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून १९६३ मध्ये हुडकून काढले. स्किप जेम्स पुढच्या वर्षी ट्युनिकाच्या रुग्णालयात सापडला. या प्रेमात थोडी जबरदस्तीही होती, हे नोंदवले पाहिजे. कॉलेजातल्या मुलांना १९३०चा माणूस १९३०सारखाच हवा होता. मधल्या तीस वर्षांत तो काय जगला, त्याला आता काय वाजवावेसे वाटते, हे फारसे कुणी विचारले नाही. विल्सनच्या बाबतीत मात्र मला ही तक्रार करता येत नाही, आणि त्याचे कारण जॉन ली हुकर.

हुकर हा साथीदारांचा कर्दनकाळ. ब्लूजचे रूढ आवर्तन बारा बारांचे. तीन ओळी, प्रत्येकीला चार बार. हुकरला हे हिशेब मान्य नव्हते. शब्द संपला की तो कॉर्ड बदलणार, मग अकरा बार झाले असोत की साडेतेरा. मोजून वाजवणारा वादक त्याच्यापुढे तोंडघशी पडे. म्हणून सुरुवातीच्या रेकॉर्डींमध्ये तो बहुधा एकटाच ऐकू येतो, साथीला फक्त त्याचा बूट, लाकडी फळीवर आपटणारा. मे १९७० मध्ये तो ‘कॅन्ड हीट’ या बँडबरोबर स्टुडिओत गेला. विल्सन त्या बँडचा. सन हाउसजवळ जे कान तयार झाले ते इथे कामी आले: हुकरचा श्वास ऐकून तो वळण ओळखतो, आणि माउथ ऑर्गन असा वाजवतो की हुकर चुकतो आहे असे एकदाही वाटू नये. शिवाय दोन तबकड्यांच्या ‘हुकर अँड हीट’चा पहिला मोठा भाग त्यांनी हुकरला एकट्याला देऊन टाकला. १९७१ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा विल्सन हयात नव्हता. सप्टेंबर १९७० मध्ये, सत्तावीस वर्षांचा असतानाच तो गेला.

त्याच मे महिन्यात लंडनमध्ये ब्लूजगायक हाउलिन वुल्फ, साठीला टेकलेला, हृदयविकाराने खचलेला, एरिक क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सच्या पोरांबरोबर ध्वनिमुद्रण करत होता. वुल्फचा वर्षानुवर्षांचा गिटारवादक ह्युबर्ट समलिन याला सोबत नेण्याची कंपनीची तयारी नव्हती. तो नसेल तर मीही नाही, असे क्लॅप्टनने बजावले तेव्हा समलिनचे तिकीट निघाले. ज्याच्या वाजवण्याची नक्कल करत विलायतेतली आख्खी पिढी वाढली, त्याच्याच प्रवासखर्चाची घासाघीस! या रेकॉर्डमध्ये ‘रेड रूस्टर’ची तालीम तशीच ठेवली आहे. ठेका बसत नाही, क्लॅप्टन वुल्फला तुम्हीच वाजवून दाखवा म्हणतो, आणि म्हातारा खरखरीत आवाजात मोजून समजावतो. पक्क्या गाण्यापेक्षा ती तालीम मला जास्त आवडते. बाकी रेकॉर्ड जेमतेम.

मडी वॉटर्सला बडीनंतर असा धाकटा मिळायला वेळ लागला. १९६८ मध्ये चेसने त्याच्याभोवती तेव्हाच्या फॅशनच्या गिटारींचा कर्कश कल्लोळ उभा करून ‘इलेक्ट्रिक मड’ काढली. ती मडीलाही आवडली नव्हती. पुढच्या वर्षीची ‘फादर्स अँड सन्स’ बरीच बरी, माइक ब्लूमफील्ड आणि पॉल बटरफील्ड ही शिकागोचीच मुले तिच्यात आहेत. पण खरा योग आला तो ऑक्टोबर १९७६ मध्ये. टेक्सासचा जॉनी विंटर तोवर स्वतः मोठा तारा झाला होता. त्याने मडीला स्वतःच्या कंपनीकडे आणले, जेम्स कॉटन, पाइनटॉप पर्किन्स, विली ‘बिग आइज’ स्मिथ या मडीच्या आजी-माजी साथीदारांना कनेटिकटमधल्या एका घरगुती स्टुडिओत जमवले आणि सगळ्यांना एकाच खोलीत बसवून तीन दिवसांत रेकॉर्ड संपवली. नंतर काही चिकटवायचे नाही, खोलीचा घुमारा जसा आहे तसा येऊ द्यायचा, ही निर्माता म्हणून विंटरची अक्कल. भल्याभल्यांना लाजवील अशा वेगाने गिटार वाजवणारा हा माणूस ‘हार्ड अगेन’मध्ये सर्वात जास्त कुठे ऐकू येतो? ‘मॅनिश बॉय’मध्ये, मडीच्या ओळीमागून आनंदाने ओरडताना. रेकॉर्डला ग्रॅमी मिळाले, पाठोपाठच्या दोघींनाही मिळाले. १९८३ मध्ये मडी वारला तो पुन्हा राजासारखा जगून.

थोरल्याने धाकट्याला चिमटे काढावेत आणि धाकट्याने ते हसत सोसावेत, ही गंमत पाहायची तर ६ डिसेंबर १९८३चा कॅनडातल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओतला कार्यक्रम पाहावा. साठ वर्षांचा अल्बर्ट किंग आणि एकोणतीस वर्षांचा स्टीव्ही रे वॉन. स्टीव्हीचे नाव नुकतेच झाले होते. किंगला ते नाव ओळखीचे वाटले नव्हते. ऑस्टिनच्या ‘अँटोन्स’ क्लबात आपल्याबरोबर वाजवायला चढणारे काटकुळे पोर ते हेच, हे समोर आल्यावर त्याच्या ध्यानात आले. किंग डावखुरा, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरणारा. त्यामुळे इतर वादक जी तार वर ढकलून स्वर चढवतात ती तो खाली ओढतो, आणि त्या ओढीतून निघणारा रडवा, टोकदार मींडेसारखा स्वर सहजी कुणाला साधत नाही. स्टीव्हीने तो पोरवयापासून घोटला होता. इथे तो ज्याच्याकडून घेतला त्याच्याच तोंडावर वाजवायचा! जवळजवळ सगळी गाणी किंगची, स्टीव्हीचे एकच. स्टीव्ही जोरात सुटतो, किंग चार स्वरांत उत्तर देतो आणि मिश्कील बघतो. कधी उपदेश करतो, कधी कबुलीही देतो. या वादनाची रेकॉर्ड १९९९ मध्ये निघाली, तोवर दोघेही गेले होते आणि क्रम उलटा लागला होता: ऑगस्ट १९९० मध्ये हेलिकॉप्टर कोसळून आधी स्टीव्ही गेला, किंग १९९२ मध्ये.

या सगळ्या गोष्टी बापलेकांच्या थाटाच्या. बायकांची पाती वेगळी चालते. सिपी वॉलेसने १९२०च्या दशकात ब्लूज गाऊन नाव कमावले आणि नंतर डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत कित्येक वर्षे काढली. गायिका बॉनी रेटने १९७१च्या आपल्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये तिची दोन गाणी घेतली, आणि तेवढ्यावर न थांबता तिला शोधून आपल्या मंचावर आणले. दोघींच्या वयात पन्नास वर्षांचे अंतर. नवऱ्याचे गुण मैत्रिणींना सांगत सुटू नका, असा सल्ला देणारे सिपीचे गाणे दोघी मिळून गात तेव्हा सल्ला कोण कोणाला देते आहे हे कळेनासे होई. बॉनीने खटपट केल्यामुळे १९८२ मध्ये एका मोठ्या कंपनीने सिपीची रेकॉर्ड काढली. सिपी तेव्हा चौऱ्याऐंशीची होती.

बॉनीला काचेच्या नळीने तारेवर घसरते स्वर काढायला फ्रेड मॅकडॉवेलने दाखवले. १९७२ मध्ये तो गेला आणि त्याच्या थडग्यावरच्या दगडात त्याचे नावही धड कोरलेले नव्हते. नवा दगड १९९३ मध्ये बसला, त्यामागे बॉनी होती. कौतुक हे शेवटी पैशाशी येऊन भिडते, आणि तिथे या क्षेत्राचा हिशेब फारसा स्वच्छ नाही. स्किप जेम्सचे गाणे १९६६ मध्ये ‘क्रीम’ या बँडने गायले आणि त्याला श्रेय दिले, म्हणून त्याच्या कर्करोगाच्या उपचारांना पैसे आले. विली डिक्सनला आपल्या गाण्यातल्या शब्दांसाठी लेड झेपलिनवर दावा लावावा लागला. १९८७ मध्ये तडजोड झाली. बॉनी पुढे जुन्या कलाकारांना वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या उभारणीत उतरली. नुसते ‘आम्ही यांचे ऋणी आहोत’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पाहुण्यांच्या रेकॉर्डींचे पीक आले. हुकरची १९८९ची ‘द हीलर’ हे त्यातले चांगले कणीस, कारण कार्लोस सान्तानापासून बॉनीपर्यंत सगळे त्याच्या चालीने चालतात. बी. बी. किंगची १९९७ची ‘ड्यूसेस वाइल्ड’ मात्र लग्नाच्या स्वागत समारंभासारखी: प्रत्येक जण हात मिळवून, फोटो काढून पुढे. क्लॅप्टनबरोबरची २०००ची ‘रायडिंग विथ द किंग’ खूप खपली, ग्रॅमीही मिळाले. मला ती फार गुळगुळीत वाटते.

बडी गायकडे या काळाच्या सुरुवातीला रेकॉर्ड कंपनीच नव्हती. क्लॅप्टन, जेफ बेक हे त्याचे जुने भक्त जमले आणि १९९१च्या ‘डॅम राइट, आयव्ह गॉट द ब्लूज’ने त्याला पंचावन्नाव्या वर्षी नाव मिळवून दिले. तेव्हापासून तो पोरांना मंचावर ओढतो आहे. क्विन सलिव्हन आठ वर्षांचा असताना चढला. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी बडी आला होता, आणि सांगतेच्या एकत्र वादनात सगळे जण त्याच्या इशाऱ्याकडे डोळे लावून होते. मुंबईकरांना हा वारसा असा समोर बसून पाहता आला.

क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्राम हा बडीच्या लाडक्यांपैकी. १९९९चा जन्म, शिक्षण गावातल्या डेल्टा ब्लूज संग्रहालयाच्या वर्गात, स्थानिक जुन्या वादकांकडे. त्याच्या २०१९च्या पहिल्या रेकॉर्डमध्ये एका गाण्यात बडी आहे. मला या घटनेचे महत्त्व जास्त वाटते ते यासाठी की साठीच्या दशकातल्या बहुतेक जोड्या काळा थोरला आणि गोरा धाकटा अशा होत्या. काळ्या तरुणांनी सोल आणि पुढे हिप-हॉप जवळ केले होते. किंगफिशच्या वर्गमित्रांनाही ब्लूज म्हणजे आजोबांचे संगीत वाटे. शंभर मैलांच्या आतच, उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांत, सेड्रिक बर्नसाइड आपल्या आजोबांबरोबर, आर. एल. बर्नसाइडबरोबर, तेराव्या वर्षापासून ड्रम वाजवत हिंडला. तिथल्या शैलीत कॉर्ड बदलत नाहीत, एकच ठेका घुमत राहतो, म्हणून ड्रमवाल्या पोराला आजोबांच्या हाताची प्रत्येक लकब पाठ असावी लागते. आर. एल. २००५ मध्ये गेल्यावर सेड्रिकने हळूहळू ड्रम सोडून गिटार हाती घेतली. २०२२च्या ग्रॅमी समारंभात पारंपरिक ब्लूजचा पुरस्कार त्याला मिळाला आणि समकालीन ब्लूजचा किंगफिशला, ‘६६२’ या रेकॉर्डसाठी. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड आहे, दोघांच्याही घरचा.