लहानायचा खेळ, मोठ्यायचा खेळ
लेखमाला : पडद्यावरचे खेळ (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण गेम तयार कसे होतात ते पाहिलं. आज पालकांचा प्रश्न घेऊ. उमरेडला तो असा येतो : ‘पोट्ट्याच्या मोबाइलात हा कोणता गेम आहे जी? लहानायचा का मोठ्यायचा?’

याचं तयार उत्तर म्हणजे गेमवरचा वयाचा शिक्का. तो आला भांडणातून. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम १९९२ मध्ये निघाला. घरच्या यंत्रांवर तो आला तेव्हा निन्टेन्डोने रक्ताच्या जागी घाम दाखवला, तर सेगाच्या यंत्रावर बटणांचा एक गुप्त क्रम दाबला की रक्त दिसायचं. १९९३ मध्ये हा वाद अमेरिकी सिनेटपर्यंत गेला आणि १९९४ मध्ये उद्योगानेच वयोगट ठरवणारं मंडळ काढलं. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे छापले जातात. रक्त, नग्नता, शिवीगाळ, नशा किती दिसते, त्यावर हा आकडा ठरतो. खेळात डोकं किती लागतं, हे त्याला विचारूच नका.

आपल्याकडचं उदाहरण पबजीचं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने माहितीच्या सुरक्षेचं कारण देऊन तो बंद केला. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला. रक्त हिरवं झालं, अठरा वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. खेळ मात्र तोच : शंभर जण मैदानात उतरतात, वर्तुळ आकसत जातं, शेवटी उरेल तो जिंकतो. कधी दडायचं, कधी भिडायचं, कोणत्या साथीदारावर भरवसा ठेवायचा, हे आधीही ठरवावं लागे, आताही लागतं. हिरव्या रक्ताने तो बाळबोध झाला नाही आणि लाल रक्ताने प्रौढही नव्हता.

आता सापशिडी घ्या. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट; परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर मोक्षाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोचला. पुढे घरांची नावं गळाली, आकडे उरले आणि पट पोरांच्या हाती आला. दान टाकायची रीत तीच, पण पडण्या-चढण्यामागचा अर्थ गेला.

तो अर्थ व्हिडिओ गेममध्येही असू शकतो. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या पोलिश गेममध्ये आपण सैनिक नसतो, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असतो. आपल्या आजाऱ्याला औषध हवं, म्हणून म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरातून ते चोरायचं का? २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांच्या शिफारस-यादीत घेत असल्याचं जाहीर केलं.

काय दिसतं आणि काय ठरवावं लागतं, या दोन बाजू झाल्या. तिसरी बाजू खिशाची. ‘कँडी क्रश’ दिसायला बालवाडीतला, पण ऐन रंगात अडवून पुढे जायला पैसे मागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळायचे खेळ असे गट पाडले. बंदी आली ती तिसऱ्यावर, आणि ती सगळ्या वयांना.

म्हणून गेमचे दोन ढीग करायला जाल तर फसाल. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. काय दिसतं, ते शिक्का सांगेल. काय ठरवावं लागतं, ते पोराशेजारी बसून एक डाव स्वतः खेळल्याशिवाय कळणार नाही. काय उकळलं जातं, ते यूपीआयच्या हिशेबात सापडेल. चिमुकल्यांचा वाटणारा गेम तिसऱ्या तपासणीत नापास होईल, आणि बंदुकीचा एखादा गेम दुसरीत चांगल्या गुणांनी सुटेल.

(पुढच्या आठवड्यात : पुण्यात घडलेला ‘राजी’ हा गेम आणि आपल्या पुराणकथा)