बेरीज जुळते, तरी रोटर तापतो

भोसरीच्या गाळ्यात वीज गेली, डिझेल जनित्र सुरू झालं. पॅनेलवर एकूण लोड क्षमतेच्या ७५ टक्के. मालक निर्धास्त. पण तिन्ही फेजांवर लोड सारखा नसेल, तर याच ७५ टक्क्यांत जनित्र आतून भाजत असतं.

हिशेब करून पाहू. १२५ केव्हीए, ४१५ व्होल्टच्या जनित्राचा दर फेजचा पूर्ण प्रवाह सुमारे १७४ अँपिअर. समजा आर फेजवर १७०, वायवर १२०, बीवर १०० अँपिअर आहेत आणि पॉवर फॅक्टर तिन्हींचा सारखा आहे. सरासरी १३०. एकही फेज मर्यादेबाहेर नाही.

वेस्टिंगहाउसमधले अभियंते चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये दाखवलं, की असे विषम प्रवाह तीन समतोल संचांत फोडता येतात. धन क्रमाचा संच रोटरच्या दिशेने फिरतो, ऋण क्रमाचा उलट दिशेने. शून्य क्रमाचे तिन्ही प्रवाह एकाच वेळी चढतात-उतरतात आणि न्यूट्रलमधून परततात. आपल्या उदाहरणात न्यूट्रलमध्ये सुमारे ६२ अँपिअर येतात आणि ऋण क्रम निघतो २१ अँपिअर, म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या १२ टक्के. अशा उठावदार ध्रुवांच्या हवाथंड जनित्राला आयईसी मानक सतत ८ टक्केच सोसायला सांगतं.

मर्यादा इतकी कडक का? चार ध्रुवांचा रोटर मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि ऋण क्रमाचं चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच वेगाने उलटं फिरतं. रोटरला ते ३००० फेऱ्यांनी कापतं. त्यामुळे डँपर वायंडिंगमध्ये आणि रोटरच्या पृष्ठभागात १०० हर्ट्झचे प्रवाह उठतात आणि रोटर तापतो. पॅनेलच्या अँमीटरवर हे दिसत नाही.

आपल्या पट्ट्यात हे वारंवार घडण्याजोगं आहे. फॅब्रिकेशनचा जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर दोनच फेजांवर चालतो. स्पॉट वेल्डिंगच्या जुन्या गनही तशाच. दोन फेजांमधल्या अशा लोडमध्ये धन आणि ऋण क्रम अगदी सारखे असतात. महावितरणच्या विशाल जाळ्यात हा असमतोल बहुधा विरून जातो, स्वतःच्या जनित्राला मात्र तो एकट्याने पेलावा लागतो.

म्हणून जनित्राचं गणिती प्रारूप बनवताना तीन क्रमांची तीन मंडलं मांडतात. विद्युतदाब निर्माण होतो तो फक्त धन क्रमात. ऋण आणि शून्य क्रमांत नुसते अडथळे, तेही वेगवेगळ्या मूल्यांचे. फक्त धन क्रमाचं मंडल घेतलं, तर संगणक मालकाइतकाच निर्धास्त राहतो. रॉबर्ट पार्क यांच्या १९२९ च्या पद्धतीत रोटरवर बसून पाहिलं, की समतोल प्रवाह स्थिर आकडे दिसतात, तर असमतोल १०० हर्ट्झच्या लहरी होऊन उमटतो.

उपाय स्वस्त आहे. जनित्र चालू असताना टाँग टेस्टर तिन्ही फेजांना आणि न्यूट्रलला लावा, वेल्डिंगची यंत्रं फेजांच्या जोड्यांवर वाटून द्या. नवं यंत्र घेताना तिन्ही फेजांवरून सारखी वीज घेणारं इन्व्हर्टर वेल्डिंग पाहा. मोठं जनित्र विकत घेण्याआधी हे तपासलं, तर कित्येकदा आहे तेच पुरतं.