आधारित व्हॅनेडियम ऑक्साईड उत्प्रेरक : पृष्ठीय विखुरणाचे स्वरूप व मापन

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र कोळशावर चालते. कोळशाच्या ज्वलनात नायट्रोजनची ऑक्साईडे निर्माण होतात. केंद्र शासनाच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने या वायूंच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांसाठी ती प्रति सामान्य घनमीटर १०० मिलिग्रॅम एवढी कडक आहे. परळीचे संच त्याआधीचे असले, तरी हा प्रश्न कोळशावरील प्रत्येक केंद्राचा आहे. त्यावरील एक प्रस्थापित उपाय म्हणजे सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास अमोनियाच्या साहाय्याने या ऑक्साईडांचे नायट्रोजनमध्ये क्षपण करणे. त्यासाठी टायटेनियावर आधारित व्हॅनेडियम ऑक्साईड उत्प्रेरक म्हणून वापरतात. या उत्प्रेरकाची गुणवत्ता ज्या पृष्ठीय विखुरणावर अवलंबून असते, ते कसे ओळखावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विखुरण म्हणजे काय?

अभिक्रिया पृष्ठभागावर घडते. स्फटिकाच्या अंतर्भागात दडलेल्या व्हॅनेडियम अणूशी वायूचा संपर्क येत नाही. म्हणून हे ऑक्साईड आधारद्रव्यावर एकस्तराच्या मर्यादेत पसरलेले असणे इष्ट ठरते. टायटेनियावर ही मर्यादा प्रति चौरस नॅनोमीटर सुमारे ८ व्हॅनेडियम अणू, तर सिलिकावर केवळ २ ते ३ अणू एवढी आहे. दुसरीकडे, व्हॅनेडियमचे प्रमाण वाढविल्यास सल्फर डायऑक्साईडचे ट्रायऑक्साईडमध्ये रूपांतर वाढते व त्यापासून बनणारे अमोनियम बायसल्फेट पुढील यंत्रसामग्रीवर साचते. त्यामुळे व्हॅनेडियम अल्प, परंतु उत्तम विखुरलेले असावे लागते.

टक्केवारीची मर्यादा

अनेक शोधनिबंधांत केवळ वजनी टक्केवारी दिलेली आढळते. ती अपुरी आहे. ५ टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साईड असलेल्या १ ग्रॅम उत्प्रेरकात व्हॅनेडियमचे सुमारे ३.३ × १०^२० अणू असतात. पृष्ठफळ ५० चौरस मीटर असल्यास घनता ६.६ अणू येते, म्हणजे टायटेनियावर ती मर्यादेच्या आत राहते. पृष्ठफळ २० चौरस मीटर असल्यास तीच घनता १६.६ होते व स्फटिक तयार होणे अपरिहार्य ठरते. टक्केवारी तीच, पदार्थ मात्र भिन्न! म्हणून नायट्रोजन अधिशोषणाने पृष्ठफळ मोजून पृष्ठीय घनता नोंदविणे ही पहिली पायरी होय.

मापनपद्धती

क्ष-किरण विवर्तन सर्वाधिक वापरले जाते. मात्र सुमारे ४ नॅनोमीटरपेक्षा लहान स्फटिक त्यात सहसा दिसत नाहीत. म्हणजेच शिखर न दिसणे हा संपूर्ण विखुरणाचा पुरावा नव्हे. रामन वर्णपट येथे अधिक संवेदनशील आहे. स्फटिकी पेंटॉक्साईडचे शिखर ९९५ प्रति सेंटिमीटरजवळ, तर विखुरलेल्या घटकांचे १०३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास मिळते. हवेतील आर्द्रतेने पृष्ठीय घटकांची रचना बदलते. म्हणून नमुना कोरड्या ऑक्सिजनमध्ये तापवून मापन करावे. हायड्रोजनद्वारे तापमानानुसारी क्षपण केल्यास विखुरलेले घटक स्थूल स्फटिकांपेक्षा कमी तापमानास क्षपित होतात. इलेक्ट्रॉन परिवलन संस्पंदनाचा आठ रेषांचा वर्णपट चतुःसंयुजी व्हॅनेडियमचा निदर्शक आहे. पंचसंयुजी व्हॅनेडियमविषयी ही पद्धती मौन राहते.

निष्कर्ष

कोणतीही एक पद्धती निर्णायक नाही. पृष्ठीय घनता, रामन वर्णपट व क्षपण यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले, तरच विखुरणाचे विधान ग्राह्य ठरते. ग्रामीण महाविद्यालयांत ही सर्व उपकरणे असणे कठीण आहे. तथापि पृष्ठीय घनतेचे गणित कागदावर करता येते व निवडक नमुने विद्यापीठांच्या सामायिक उपकरण केंद्रांत तपासून घेता येतात. तेवढेही शक्य नसेल, तेव्हा ‘विवर्तनात स्फटिक आढळले नाहीत’ एवढेच लिहावे, ‘विखुरण पूर्ण आहे’ असे नव्हे. भारतीय कोळशातील विपुल राखेत टिकणारा उत्प्रेरक शोधताना संशोधकास आधी आपल्या पदार्थाची खरी ओळख पटलेली असणे आवश्यक आहे.