विश्लेषण : एका बहिष्काराने आफ्रिकी फुटबॉलचे नशीब कसे बदलले?

कतारमध्ये २०२२ साली मोरोक्कोने स्पेन आणि पोर्तुगालला गाशा गुंडाळायला लावत फुटबॉल विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. आफ्रिकी संघाने मारलेली ही आजवरची सर्वात मोठी मजल. २०२६च्या स्पर्धेत या खंडाला नऊ थेट जागा आहेत. मात्र १९६६ मध्ये इंग्लंडमधील विश्वचषकात एकही आफ्रिकी संघ नव्हता. कारण आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. आजच्या यशाची पायाभरणी याच निर्णयाने झाली.

बहिष्काराची वेळ का आली?

विश्वचषकात खेळणारा पहिला आफ्रिकी देश म्हणजे इजिप्त. १९३४ मध्ये इटलीत हंगेरीकडून २-४ असा पराभव झाल्याने त्यांची मोहीम एकाच सामन्यात संपली. त्यानंतर तीन दशके आफ्रिकेतून कोणीही मुख्य स्पर्धेत पोहोचले नाही. दरम्यान १९५७ मध्ये खार्टुम येथे आफ्रिकी फुटबॉल महासंघ (कॅफ) स्थापन झाला. १९६० या एकाच वर्षात १७ आफ्रिकी देश स्वतंत्र झाले आणि नवे राष्ट्रीय संघ उभे राहिले. तरीही १९६६च्या स्पर्धेतील १६ जागांपैकी १० युरोपकडे, चार दक्षिण अमेरिकेकडे आणि एक उत्तर व मध्य अमेरिकेकडे गेली. उरलेल्या एका जागेसाठी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया यांनी आपापसांत झुंजायचे होते. म्हणजे आफ्रिकेचा विजेता ठरल्यानंतरही त्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागणार होती.

वर्णद्वेषाचा मुद्दा काय होता?

दक्षिण आफ्रिका ‘कॅफ’च्या संस्थापक देशांपैकी एक. पण गोऱ्या-काळ्यांचा एकत्रित संघ पाठवण्यास तिने नकार दिल्याने पहिल्याच आफ्रिकी चषकातून तिला बाहेर राहावे लागले. ‘फिफा’ने १९६१ मध्ये तिला निलंबित केले, मात्र तत्कालीन अध्यक्ष स्टॅनले राऊस यांच्या काळातच १९६३ मध्ये निलंबन उठवले गेले. आफ्रिकी देशांचा संताप त्यामुळे वाढला. घानाचे क्रीडा संचालक ओहेने जान आणि इथियोपियाचे येदनेकाचेव तेसेमा यांनी बहिष्काराची आघाडी सांभाळली. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे पाठबळ त्यांना होते. घानाने १९६३ आणि १९६५ असे सलग दोन आफ्रिकी चषक जिंकले होते. म्हणजे विश्वचषकाची संधी सोडताना सर्वाधिक गमावणारा देशच पुढे होता. अखेर पात्रता फेरीतून १५ आफ्रिकी संघांनी माघार घेतली.

बहिष्कारातून काय मिळाले?

‘फिफा’ने माघार घेणाऱ्यांना दंड ठोठावला आणि स्पर्धा आफ्रिकेविना पार पडली. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल करणारा पोर्तुगालचा युसेबियो हा मोझांबिकमध्ये जन्मलेला होता. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती. पुढच्याच, १९७०च्या स्पर्धेत मात्र आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. १९७४ मध्ये ब्राझीलचे जाओ हॅवेलांज यांनी राऊस यांचा पराभव केला, त्यात आफ्रिकी मतांचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची ‘फिफा’तून हकालपट्टी झाली. वर्णद्वेषी राजवट मोडीत निघू लागल्यावर १९९२ मध्ये ती परतली आणि २०१० मध्ये विश्वचषकाची यजमानही झाली.

मैदानावर हा दावा खरा ठरला का?

ट्युनिशियाने १९७८ मध्ये मेक्सिकोला ३-१ असे नमवत आफ्रिकेचा पहिला विजय नोंदवला. १९८२ मध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असा धक्का दिला. परंतु नंतर जर्मनीने ऑस्ट्रियाला १-० हरवले आणि दोघेही पुढे गेले. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपल्याने कोणता निकाल सोयीचा, हे दोन्ही संघांना ठाऊक होते. या प्रकारानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला. १९९० मध्ये कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा चार गोल करणारा रॉजर मिला ३८ वर्षांचा होता. सेनेगल (२००२) आणि घाना (२०१०) यांनीही तिथवर मजल मारली. नायजेरियाने १९९६ मध्ये, तर कॅमेरूनने २००० मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. लायबेरियाचा जॉर्ज विया १९९५ मध्ये ‘बॅलन डी’ओर’चा मानकरी ठरला. पुढे तो देशाचा अध्यक्षही झाला.

आता वाटणी न्याय्य आहे का?

आफ्रिकेच्या जागा १९८२ मध्ये दोन, १९९४ मध्ये तीन, १९९८ मध्ये पाच अशा वाढत गेल्या. ४८ संघांच्या २०२६च्या स्पर्धेसाठी नऊ थेट जागा आणि आंतरखंडीय पात्रता फेरीतून आणखी एकाची संधी आहे. त्यामुळेच जेमतेम पाच लाख लोकवस्तीचा केप व्हर्डे प्रथमच पात्र ठरला. तरीही ‘कॅफ’च्या ५४ सदस्यांना नऊ, तर युरोपच्या ५५ सदस्यांना १६ थेट जागा आहेत. अवघे १० सदस्य असलेल्या दक्षिण अमेरिकेला सहा मिळतात. युरोपीय संघांची कामगिरी सरस असल्याचा युक्तिवाद यावर केला जातो. आफ्रिकी संघाने अद्याप अंतिम फेरी गाठलेली नाही, हेही खरे. पण १९६६ मध्येही हाच युक्तिवाद होता आणि संधी मिळाल्याशिवाय कामगिरी दिसणार कशी, हा प्रश्नही तोच होता.