‘रोजची भाकर’ नेमकी कधीची?

प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजच्या भाकरी’मागे मूळ ग्रीक शब्द आहे ‘एपिऊसिओस’. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतली ही प्रार्थना व तिच्यावर आधारलेलं लेखन सोडलं तर तो प्राचीन ग्रीकमध्ये कुठेच खात्रीने सापडत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडितालाही तो शुभवर्तमानकारांनीच घडवलेला वाटला. इजिप्तमधल्या खर्चाच्या एका यादीत तो मिळाल्याचा गाजावाजा झाला होता. पुन्हा तपासलं तर तिथे शब्द निघाला ‘तेल’! अर्थ तीन सांगतात: आजची, जगण्यापुरती, उद्याची. मला ‘उद्याची’ पटते. कुही गावाकडे मिरची तोडायला रोजीने जाणाऱ्या बाईला आजच्या मजुरीतून उद्याचंच पीठ आणायचं असतं. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने मात्र मत्तयात एक, लूकमध्ये दुसराच लॅटिन शब्द योजला. बायबलबाहेरच्या ‘हिब्रूंच्या शुभवर्तमाना’त इथे ‘उद्याची’ असं होतं, ही नोंदही त्याचीच.