वाघाचं कातडं ट्रकमध्ये चढवण्याआधी

इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा. इथल्या काही जुन्या मराठी वाड्यांच्या दिवाणखान्यात अजूनही काचेच्या डोळ्यांचं वाघाचं मुंडकं किंवा पार भुरकट झालेलं बिबट्याचं कातडं दिसतं. वाडा विकायला निघतो, पुढची पिढी पुण्यात फ्लॅट घेते आणि सामान हलवणारा माणूस विचारतो, ‘हेपण न्यायचं का?’ मग काका, मामा, शेजारचे वकील असे सगळेच सल्ले द्यायला लागतात. त्यांतले बरेचसे सल्ले ऐकणाऱ्याला थेट कोर्टात नेऊन उभं करतील.

सगळ्यात लाडका गैरसमज हा: आजोबांनी रीतसर परवाना काढून शिकार केली होती, तेव्हा सगळं कायदेशीरच आहे. शिकार कायदेशीर असेलही. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती 1970 साली, आणि काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने तर 1991च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात होते. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा आजोबांच्या बंदुकीबद्दल विचारतच नाही. ही वस्तू आज तुमच्याकडे कशाच्या आधारावर आहे, एवढंच तो विचारतो. कायदा लागू झाल्यापासून 30 दिवसांत वाघ-बिबट्यासारख्या प्राण्यांच्या ट्रॉफी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करायच्या होत्या. त्यावर चौकशी होऊन कलम 42 खाली मालकी प्रमाणपत्र मिळायचं. अनेकांनी ते केलंच नाही. संस्थानं गेली, तनखे गेले, त्यात हा अर्ज कोण करत बसणार! 2003 साली सरकारने नियम काढून आणखी 180 दिवसांची मुदत दिली. तीही संपून दोन दशकं उलटली.

त्यामुळे प्रमाणपत्र नसेल तर शिकारीचा जुना परवाना, मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो किंवा मागे चिकटवलेली म्हैसूरच्या व्हॅन इन्गनची पट्टी यांपैकी काहीच मालकी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. व्हॅन इन्गन हे भुसा भरण्याच्या कलेतलं मोठं नाव होतं. अनेक राजघराण्यांचे वाघ त्यांच्याकडे गेले. पण ती पट्टी सांगते ते वाघ कोणी भरला एवढंच. त्यात कलम 57 आणखी कडक आहे. ट्रॉफी तुमच्या ताब्यात होती हे खटल्यात सिद्ध झालं, की ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं. तो कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये.

‘प्रमाणपत्र आहे ना, आजोबांच्या नावावर!’ चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. वारशाने ट्रॉफी मिळाली की वारसाने 90 दिवसांत ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करायची असते. सात-बारावर वारसनोंद होते, बँकेत नाव बदलतं, भिंतीवरचा वाघ मात्र आजोबांच्याच नावावर राहतो. आणि हे लक्षात येतं कधी, तर सामान बांधताना.

आता प्रश्न राज्याच्या सीमेचा. इथे दोन उलटसुलट समज चालतात. एक म्हणतो, कायदा केंद्राचा आहे, तेव्हा मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात न्यायला कसली आलीय परवानगी? दुसरा म्हणतो, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, इथला कागद तिथे चालत नाही. दुसऱ्याचं म्हणणं जम्मू-काश्मीरपुरतं एकेकाळी खरं होतं. तिथे 1978चा स्वतंत्र कायदा होता आणि केंद्राचा कायदा 2019मध्ये लागू झाला. बाकी कायदा एकच आहे, पण अंमलबजावणी राज्याराज्याच्या वनखात्याकडे. म्हणून कलम 43 सांगतं, की प्रमाणपत्र असलेली ट्रॉफी आपल्या राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, तर 30 दिवसांत संबंधित मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे.

कळवणं नंतरचं झालं. निघण्याआधीही एक टप्पा आहे. कलम 48ए वाहतूकदाराला उद्देशून आहे: वन्यप्राणी किंवा त्यापासून केलेली वस्तू न्यायची, तर वनखात्याची परवानगी आहे ना, याची खात्री केल्याशिवाय माल स्वीकारायचा नाही. कातडं गादीच्या सुरळीत गुंडाळून पाठवणारा स्वतःबरोबर त्या बिचाऱ्या ट्रकवाल्यालाही गोत्यात आणतो. म्हणून आधी वनखात्याला लेखी अर्ज, मग परवानगी, मग प्रवास, आणि प्रमाणपत्राची प्रत ट्रॉफीबरोबर.

‘विकत थोडंच देतोय, भाच्याला भेट देतोय.’ विक्रीला तर बंदी आहेच. पण 2002च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू नव्याने मिळवण्याचा कायद्याने ठेवलेला मार्ग एकच, वारसा. भाचा वारस नसेल तर भेटही नाही. मित्राच्या हॉटेलच्या सजावटीसाठी ‘जरा ठेवायला’ देणं हाही शहाणपणा नव्हे.

शंभर वर्षांपूर्वीची वस्तू म्हणजे पुराणवस्तू, तिला सूट, हा समज बहुधा परदेशातून आला आहे. अमेरिकेत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना काही अटींवर तशी सूट मिळते, आपल्या वन्यजीव कायद्यात मात्र वयाची सवलत नाही. तिकडे शिकारच अनेक ठिकाणी कायदेशीर आहे, आणि बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेणं हा 1900च्या लेसी कायद्यापासून केंद्रीय गुन्हा आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून इथे वागू नये.

मोरपिसाची भीती मात्र उगाच. आपोआप गळालेली शेपटीची पिसं देशात कुठेही नेता येतात, कलम 43 मध्येच त्यांना सूट आहे. परदेशी पाठवायला बंदी आहे. अभयारण्यात सापडलेलं चितळाचं शिंग ही वेगळी गोष्ट. ते गळून पडलेलं असलं तरी तिथून उचलून आणता येत नाही. वाघनखाच्या लॉकेटचंही तसंच. बाजारात नकली नखं भरपूर आहेत, पण खरं निघालं तर सोन्यात मढवलेलं नखही कायद्याच्या लेखी ट्रॉफीच. ऑक्टोबर 2023मध्ये कर्नाटकात टीव्हीवरच्या एका स्पर्धकाला अशाच लॉकेटवरून अटक झाली होती.

कोकणातून गोव्याकडे जाणाऱ्या डब्यातल्या रानडुकराबद्दल सगळे हसून बोलतात, म्हणून तेही सांगून टाकतो. पिकांची नासाडी करणारं डुक्कर परवानगी काढून मारलं, तरी ते शेतकऱ्याचं होत नाही. कलम 39 प्रमाणे ती सरकारी मालमत्ता, मटणासकट. केंद्र सरकार कलम 62 खाली एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करतं, जसं डिसेंबर 2015मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुकरांबद्दल झालं. ती सूट त्या जिल्ह्यांपुरतीच होती.

जुन्या पुस्तकातली अनुसूची पाहूनही काही ठरवू नये. 2022च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूच्या केल्या आणि अनेक प्राण्यांची जागा बदलली. ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे आणि तिच्यातच कलम 42ए आलं. प्रमाणपत्र आहे पण ट्रॉफी पुण्याच्या फ्लॅटमध्ये नकोच असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांना कामाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती जमा करता येते. मोबदला मिळत नाही. वस्तू राज्य सरकारची होते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नाही त्यांच्यासाठी ही सोय नाही. ती वस्तू जाळणं किंवा पुरणं ही पळवाट ठरत नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवू शकतो. त्यांनी ट्रक बोलावण्याआधी वकील गाठावा, आणि वकिलाला घेऊन वनखात्याचं कार्यालय.